नळ स्टॉप ते चांदणी चौक: कोथरूडचे खूणशास्त्र

पुण्याच्या पश्चिमेस असलेल्या कोथरूड या उपनगरात पाऊल टाकणाऱ्या प्रवाशाने प्रथम हे ध्यानात घ्यावे की, येथील पत्ता घरक्रमांकावर नव्हे, तर खुणेवर उभा असतो. आणि खूण म्हणजे जी डोळ्यांना दिसते ती, हा अन्यत्र रूढ असलेला समज येथे चालत नाही. कोथरूडची अस्सल खूण बहुधा जागेवर नसते, मात्र ती कोठे होती याविषयी परिसरातील ज्येष्ठ नागरिकांचे एकमत असते. आणि त्यांचे एकमत होण्याचे प्रसंग विरळ असल्यामुळे तिचे प्रामाण्य वादातीत ठरते.

कर्वे रस्त्यावरील नळ स्टॉप हे याचे ठळक उदाहरण होय. येथे पूर्वी सार्वजनिक नळ होता असे सांगितले जाते. आज तेथे खाली रस्ता, त्यावर वाहनांचा उड्डाणपूल आणि त्याहून वर मेट्रो असे तीन मजले आढळतात, पण तहानलेल्या प्रवाशाला पाण्याची बाटली विकतच घ्यावी लागते. 2022 मध्ये खुल्या झालेल्या या पुलाचा हेतू कोंडी फोडण्याचा होता. तथापि कोंडी नाहीशी होत नाही, ती केवळ बिऱ्हाड बदलते, हा सिद्धान्त पुलाच्या दोन्ही टोकांना सायंकाळी पडताळून पाहता येतो.

पुढे पौड फाटा लागतो. मुख्य रस्त्यापासून दुसऱ्या गावाचा रस्ता जेथे फुटतो, त्या जागेस फाटा म्हणतात. त्यामुळे येथे उतरून पौड शोधू लागणाऱ्या प्रवाशास, ते मुळशी तालुक्याचे मुख्य ठिकाण असून अद्याप बरेच दूर आहे, हे सौजन्याने सांगावे लागते. फाट्याजवळ दशभुजा गणपतीचे मंदिर आहे. तेथील वाहतूक आवरण्यास दहा हात लागतात हे देवाने ओळखले असावे. नेमणुकीवरील पोलिसास मात्र शासनाने दोनच हात मंजूर केलेले आहेत.

फाट्यावरून डावीकडे गेल्यास कर्वे पुतळा येतो. कर्वे रस्ता, कर्वे पुतळा आणि कर्वेनगर ही तीन वेगवेगळी स्थळे असून, ‘कर्व्यांजवळ उतरा’ एवढ्या सूचनेवर विसंबलेला पाहुणा यजमानांकडे जेवणाऐवजी चहाला पोहोचतो. महर्षी धोंडो केशव कर्वे (1858–1962) हे हिंगण्याच्या आश्रमातून फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवण्यासाठी पायी जात-येत असत. त्यांच्या नावाच्या रस्त्यावर पदपथ शोधत चालणाऱ्यास त्यांच्या निग्रहाची थोडीफार कल्पना येते.

याहून सूक्ष्म भेद ‘कोथरूड स्टँड’ आणि ‘कोथरूड डेपो’ यांच्यात आहे. दोन्हींचा संबंध बसशी असला, तरी पहिला थांबा जुन्या गावठाणालगत, म्हणजे मूळ खेड्याच्या वस्तीपाशी आहे, तर दुसरा पौड रस्त्याच्या पश्चिम टोकाकडे. ‘स्टँड की डेपो?’ या रिक्षाचालकाच्या प्रश्नास ‘कोथरूड’ असे उत्तर देणारा परगावचा आहे, हे तत्क्षणी सिद्ध होते.

मेट्रोनेही ही परंपरा मान्य केलेली दिसते. 6 मार्च 2022 रोजी सुरू झालेल्या मार्गाचे पश्चिमेकडील अंतिम स्थानक ‘वनाझ’ हे एका कारखान्याच्या नावाने ओळखले जाते, कारण तो परिसर लोकांच्या तोंडी आधीपासूनच वनाझ होता.

प्रवासाची अखेर चांदणी चौकात होते. चौक म्हणजे चार रस्ते मिळतात ती जागा, या व्याख्येचा येथे महामार्ग, सेवारस्ते आणि वळणमार्ग यांनी मिळून पूर्ण पराभव केला आहे. 2 ऑक्टोबर 2022 रोजी मध्यरात्रीनंतर येथील जुना पूल स्फोटकांनी पाडण्यात आला; त्याचा काही भाग स्फोटानंतरही ताठ उभा राहिला व तो यंत्रांनी काढावा लागला. ज्या उपनगरात नसलेल्या वस्तूसुद्धा जागा सोडत नाहीत, तेथे असलेल्या पुलाने इतका हट्ट धरणे क्षम्यच म्हटले पाहिजे.

सबब, कोथरूडला जाणाऱ्याने नकाशा जरूर जवळ बाळगावा, परंतु रस्ता एखाद्या आजोबांनाच विचारावा आणि उत्तर संपेपर्यंत थांबण्याइतका वेळ हाताशी ठेवावा. कारण नकाशा केवळ आज काय आहे तेवढेच सांगतो, आणि तेवढ्यावर कोथरूडमध्ये कोणाचेही घर सापडत नाही.