तेवीस नंबरची आणि माझी थालीपीठं

लेक युनिव्हर्सिटीच्या अल्टिमेट फ्रिसबीच्या टीममध्ये आली हे कळल्यावर मी आनंदाच्या भरात सगळ्यात आधी काय केलं असेल, तर कॅल्क्युलेटर काढला. अमेरिकेत खेळणाऱ्या पोरांना स्कॉलरशिप मिळते, हे एडिसनमधल्या मराठी बापांना रामरक्षेसारखं पाठ असतं. त्यामुळे फी किती माफ, राहणं किती माफ, जेवण किती माफ आणि वाचलेल्या पैशांत स्वयंपाकघराचा ओटा यंदाच बदलायचा की पुढच्या वर्षी, इथवर माझा हिशेब पोहोचला होता, तेवढ्यात पलीकडून लेक म्हणाली, "बाबा, ड्यूज कधी पाठवताय?"

स्कॉलरशिपवाले खेळ वेगळे. हा विद्यार्थ्यांनी चालवलेला क्लब. कॅप्टन त्याच निवडणार, सराव त्याच ठरवणार, भाड्याची व्हॅन त्याच चालवणार, मॉटेलच्या एका खोलीत जमतील तितक्या जणी झोपणार आणि पैसे घरून येणार. ओटा अजून तोच आहे.

पैसे दिलेच आहेत तर निदान वसूल करावेत, म्हणून मार्चमधल्या पहिल्या स्पर्धेला मी घडीची खुर्ची, थर्मास आणि माकडटोपी घेऊन हजर झालो. वारा असा, की चहा कपात पडायच्या आधीच निवत होता. मैदानावर सात विरुद्ध सात मुली आणि मध्ये एकशे पंचाहत्तर ग्रॅमची एक तबकडी. तबकडी हातात आली की पळायचं नाही, उभ्या जागेवरून फेकायची. समोरची मुलगी नाकासमोर उभी राहून मोठ्यानं एक, दोन, तीन मोजत होती. बिचारीला आकडे येतात हे सिद्ध करायचं असावं, असं वाटून मी कौतुकानं मान डोलावली. दहापर्यंत मोजून झालं तरी फेकली नाही तर तबकडी जाते, हे मला दुपारी कळलं.

पंच कुठे आहे, हे मात्र सकाळपासून शोधत होतो. पंच नसतोच. आउट आहे की नाही, धक्का लागला की नाही, हे खेळणाऱ्यांनीच आपसात ठरवायचं आणि नाही जमलं तर तबकडी आधी फेकणाऱ्याकडे परत. आमच्या सोसायटीत हा नियम लावला तर पार्किंगच्या जागेवरून दुसऱ्या दिवशी पोलीस येतील. असो. तर पलीकडच्या टीमच्या तेवीस नंबरच्या मुलीनं रेषेजवळ झेप घेऊन एक झेल घेतला आणि मी खुर्चीतून अर्धवट उठून जिवाच्या आकांतानं "आउट!" म्हणून ओरडलो. खेळ थांबला. तेवीस नंबर चालत माझ्याकडे आली आणि अगदी नम्रपणे विचारलं, "सर, तुम्हाला नीट दिसलं का?" त्या वेळी मी थर्मासचं झाकण शोधत होतो, हे मला सांगावं लागलं. पॉइंट त्यांना. लेकीनं पुढचा तासभर माझ्याकडे पाहिलं नाही.

चूक भरून काढावी म्हणून मैदानाबाहेर आलेली तबकडी मी उचलली आणि लहानपणी गोट्या खेळलेल्या हातानं झोकात परत फेकली. ती वाऱ्यावर वळली, माझ्याच डोक्यावरून गेली आणि आमच्या व्हॅनच्या टपावर विसावली.

खेळ जमत नसेल तर माणसानं निदान अभ्यासू व्हावं, या विचारानं मी रात्री एक्सेल उघडलं. हा खेळ आमच्याच न्यू जर्सीतला, मेपलवूडच्या कोलंबिया हायस्कूलच्या पोरांनी १९६८ साली सुरू केलेला. आणि कॉलेजा-कॉलेजातला पहिला सामना १९७२ साली आमच्या शेजारच्या न्यू ब्रन्सविकमध्ये रटगर्सनं प्रिन्स्टनविरुद्ध २९-२७ असा जिंकला. ही माहिती मी दुसऱ्या दिवशी हाफटाइममध्ये मुलींना सांगितली. त्या संत्री खात होत्या. खातच राहिल्या.

राष्ट्रीय स्पर्धेचं गणित मात्र मला पक्कं कळलं. वरच्या विभागात वीस टीम जातात. देशाचे दहा प्रांत. प्रत्येकाला एक जागा हक्काची, उरलेल्या दहा ज्या प्रांतातल्या टीम मोसमभर चांगल्या खेळल्या, त्यांना. म्हणजे शेजारच्या टीमनं फेब्रुवारीत कुठेतरी चिखलात जिंकलेल्या सामन्यानं आपल्या प्रांताची जागा वाढू शकते. अकरावीच्या मेरिट लिस्टा बघण्यात ज्याचं तारुण्य गेलं, त्याला हे समजायला वेळ लागत नाही. मी आकडेमोड करून कॅप्टनला बाजूला घेतलं आणि आजचा शेवटचा सामना हरलात तर उद्या सोपा प्रतिस्पर्धी मिळेल, असं हळूच सुचवलं. ती माझ्याकडे असं बघत राहिली, जणू मी देवळाच्या पायरीवरून तिची चप्पल उचलली होती.

जुलैत माझी खरी फजिती झाली. मे महिन्यात कॉलेजचा मोसम संपला आणि लेक म्हणाली, आता क्लबकडून खेळणार. मी म्हटलं, कॉलेज सोडलंस? मग तिनं, आईला मोबाइल शिकवताना लागते तेवढ्या सोशिकपणे, सांगितलं की कॉलेजची मालिका वसंतातली, क्लबची उन्हाळ्यापासून ऑक्टोबरपर्यंतची, दोन्ही वेगळ्या. कॉलेजला तुम्ही विद्यार्थी असायला हवं आणि तिथं जास्तीत जास्त पाच वर्षं मिळतात. क्लबला कुणी ओळखपत्र विचारत नाही. एकोणीस वर्षांची पोरगी आणि अडतीस वर्षांची दाताची डॉक्टर एकाच टीममध्ये. वसंतात जी थोरली जाऊबाई म्हणून मिरवते, ती जुलैत नव्या सुनेसारखी पाण्याच्या बाटल्या भरते. मला एकदम पुण्याचे दिवस आठवले. पुरुषोत्तम करंडकाला कॉलेजकडून आणि राज्य नाट्य स्पर्धेला हौशी संस्थेकडून मीही असाच दोन्हीकडे उभा राहिलो होतो. दोन्हीकडे शिपाईच होतो.

शिवाय हा क्लब मिक्स्ड, मुलं-मुली एकत्र. हे ऐकून सौ. म्हणाली, "अहो, तुम्ही जाऊन बघून या." मी पुण्याहून आणलेल्या भाजणीची चाळीस थालीपीठं तिच्याकडून लावून घेतली, लोण्याचा डबा घेतला, अंगात अभिमानानं लेकीच्या कॉलेजचा टीशर्ट घातला आणि मैदान गाठलं. तिथं समोरच वसंतातल्या तीन ओळखीच्या मुली दिसल्या. "हाय अंकल!" मी गहिवरलो. त्यांच्या टीमच्या तंबूत खुर्ची मांडली, आग्रह करकरून थालीपीठं वाढली, पोरांनीही हात मारला, अठ्ठावीस संपली. मग सामना सुरू झाला आणि दुसऱ्या बाजूला ती तेवीस नंबरची दिसली. हिला मी विसरणार होय? तिच्या हातून तबकडी सुटली तेव्हा मी उभा राहून टाळ्या वाजवल्या, दुसऱ्यांदा सुटली तेव्हा शिट्टीही मारली. तिसऱ्यांदा तिच्या शेजारी कंबरेवर हात ठेवून उभी असलेली मुलगी माझ्याकडे बघत होती. चेहरा ओळखीचा वाटला. आमचीच होती.

मार्चमधल्या वैरिणी जुलैत मैत्रिणी झाल्या होत्या, मार्चमधल्या मैत्रिणी पलीकडे गेल्या होत्या आणि पलीकडच्यांच्या पोटात माझी भाजणी होती. पंधरा-आठनं हरलो.

सामन्यानंतर दोन्ही टीम एकमेकींना खिलाडूपणाचे गुण देतात : नियम, धक्काबुक्की, न्यायबुद्धी, वागणं, बोलणं, प्रत्येकी चारपैकी. आमच्या टीमला वीसपैकी दहा पडलेले पाहून मला वाटलं, हे माझ्या शिट्टीमुळेच. मी त्या दाताच्या डॉक्टरला धीर दिला, काठावर का होईना पास आहात, पेपर रीचेकिंगला टाकता येतो का बघा. प्रत्येकी दोन म्हणजे सगळं व्यवस्थित झालं, असा त्याचा अर्थ असतो, असं तिनं शांतपणे सांगितलं. वर माझ्या दाढेबद्दलही एक गोष्ट सांगितली. ती इथं सांगण्यासारखी नाही.

यंदा मार्चमध्ये पुन्हा कॉलेजची स्पर्धा. मी शहाणा झालो होतो. आदल्या रात्री कोण कुणाकडून, हे लेकीकडून कागदावर लिहून घेतलं होतं आणि तो कागद मी घरी विसरलो होतो. सामन्याआधी तेवीस नंबर, म्हणजे पुन्हा शत्रुपक्षातली, थेट माझ्या खुर्चीपाशी आली.

"अंकल, ते गोल, तिखट... आणलंय?"

मी डबा उघडला तेवढ्यात लांबून आरोळी आली, "बाबा! मॅच संपल्यावर!" मी झाकण लावलं, पण एक तिनं उचललं होतं. आणि लोणी मीच लावून दिलं होतं.