हौस तिची, अंग दुसऱ्याचं

मराठी माणसाला कपड्यांची हौस नाही असं म्हणणाऱ्यांनी त्याचा बैल पाहिलेला नसतो. माणूस स्वतः दोन शर्टांवर वर्ष काढील, पण पोळ्याला बैलाच्या शिंगांना रंग आणि बेगड, टोकांना पितळी शेंब्या, कपाळावर बाशिंग, पाठीवर आरशांची झूल, गळ्यात घुंगरमाळ नि कवड्यांची माळ. माझं आजोळ वाशीमकडचं. मामा पोळ्याला पहाटेपासून बैलांच्या मागे असायचा. आदल्या रात्री खांदेमळणी, सकाळी नदीवर आंघोळ, मग साजशृंगार. संध्याकाळी तो जोडी तोरणाखाली उभी करायचा, तेव्हा बैल लग्नाला निघालेले असायचे आणि मामाच्या अंगात भोकं पडलेलं बनियन असायचं. मामी ओरडायची, तर म्हणायचा, "मले कोन पाह्यते?"

घराघरांतून हाच सवाल ऐकू येतो. पण स्वतःच्या अंगावर चढली नाही म्हणून हौस काही मरत नाही. ती मुकाट उभा राहील असा कुणीतरी शोधते. बैल, तान्हं मूल, गुढी, गौर, नवा जावई. म्हणजे ज्यांना 'नाही' म्हणता येत नाही ते सगळे.

मामा वर्षातून एकदा खेळणारा गडी. या खेळातली बारमाही खेळाडू म्हणजे माझी आत्या. तिच्या स्वतःच्या कपाटात मोजक्या सुती साड्या, त्याही एकीकडून पाहिल्या तर बदामी आणि दुसरीकडून पाहिल्या तर विटकरी. मात्र पलंगाखाली एक लोखंडी ट्रंक आहे. तिच्यात बोहरी आळीतून आणलेला गोटा, मणी, टिकल्या, मखमलीचे तुकडे, मिठाईच्या खोक्यांचे सोनेरी पुठ्ठे, मोरपिसं आणि जुन्या कॅसेटींची उसवलेली टेप. टेप कशाला, असं मी एकदा विचारलं. "राक्षसाचे केस," ती म्हणाली. घरात त्या वेळी राक्षस होण्याजोगं कुणीही नव्हतं. "होईल की," ती म्हणाली.

आत्याच्या शास्त्रात थंडी कानातून शिरते. त्यामुळे आमच्या खानदानात मूल यायच्या आधी त्याची कुंची तयार असते. वरून इरकली खण, आतून आजीच्या मऊ लुगड्याचं अस्तर, मागे कमरेपर्यंत सोडलेला पडदा, कडेने झालर, शेंडीला गोंडा. माझा मुलगा जन्मला एप्रिलच्या शेवटी. पुण्यात पारा चाळिशीला टेकलेला. मला वाटलं, सुटला. आत्या बारशाला आली ती मलमलीची कुंची घेऊन. "ही उन्हाळी," ती म्हणाली. पोराने डोळे उघडून तिच्याकडे एकदा पाहिलं आणि परत मिटून घेतले. परिस्थितीची जाण त्याला तेव्हाच आली असावी.

कान झाकण्याच्या बाबतीत आत्याशी वाद घालण्यात अर्थ नाही, कारण तिचा साक्षीदार पंढरपूरला उभा आहे. कार्तिकी वारी झाली, प्रक्षाळपूजा झाली, की थंडीसाठी विठोबाला शाल येते, रजई येते आणि कानांना कानपट्टी बांधली जाते. अठ्ठावीस युगं विटेवर उभा राहिलेला देव. त्याचेही कान मराठी माणसाने मोकळे सोडलेले नाहीत. पुढे वसंतपंचमीपासून रंगपंचमीपर्यंत त्याला पांढरा पोशाख, वर रंग आणि गुलाल. पाडव्यापासून मृग लागेपर्यंत दुपारची चंदनउटी. आपल्याकडे ऋतुमानाप्रमाणे एवढा नीट ठरलेला कपाटाचा कारभार दुसऱ्या कुणाचा असेल असं मला वाटत नाही. माझं स्वेटर अजून धुवायला टाकायचं आहे आणि मृग कधीच होऊन गेला. तुळजापूरला तर शारदीय नवरात्रात भवानीमातेच्या अलंकार महापूजा बांधतात. एक दिवस मुरली अलंकार, म्हणजे देवी ओठी मुरली धरून कृष्णाच्या रूपात. एक दिवस शेषशायी, म्हणजे थेट विष्णूचा थाट. आत्या हे सांगते तेव्हा तिच्या आवाजात भक्ती असतेच, पण त्यात कारागिराने कारागिराला दिलेली दादही असते.

तिचा खरा मोसम संक्रांत. हलवा ती विकतचा आणत नाही. गच्चीवर शेगडी, शेगडीवर परात, परातीत साबुदाणा किंवा खसखस. पाक चमच्या-चमच्याने सोडायचा आणि दाणे बोटांच्या टोकांनी फिरवत राहायचं. पाक जास्त झाला की दाणे एकमेकांना धरून बसतात, आच वाढली की काटा येत नाही, आणि हवेत गारठा नसेल तर दोन्ही नीट करूनही येत नाही. बोटं भाजतात, पाठ धरते, तास जातात आणि परातीत दिसताना दिसतो तो मूठभर हलवा. मग दागिने. मोठा दाणा हाराला, मधला बांगड्यांना, खसखशीचा नथीला. काळ्या कागदावर सोनेरी जर डकवायची आणि एकेक दाणा दोऱ्याच्या फासात धरून ओवायचा. फास सैल राहिला तर दाणा निसटतो, ओढून धरला तर काटा मोडतो. ही सगळी मेहनत अशा दागिन्यासाठी, जो संध्याकाळी अंगावर चढतो आणि रात्री पोरांच्या पोटात जातो.

आतेबहिणीची लग्नानंतरची पहिली संक्रांत होती. तिला आत्याने आपली जपून ठेवलेली चंद्रकळा नेसवली: काळीभोर, वर रुपेरी बुट्ट्या. मुकुट, बाजूबंद, कंबरपट्टा, सगळं हलव्याचं. पण आत्याची खरी नजर जावईबापूंवर होती. हार आणि गुच्छ सगळ्याच जावयांना मिळतो. आत्याने त्यांना हलव्याचं मनगटी घड्याळ केलं होतं. त्यात दहा वाजून दहा मिनिटं झालेली. जाहिरातीत तीच वेळ दाखवतात, असं तिचं म्हणणं. जावई भला माणूस. काळा कुर्ता घालून, मनगट छातीशी धरून पाटावर बसला. तोवर कॅमेऱ्याचा सेल संपला, मग दिवे गेले, मग शेजारच्या काकू वाण घेऊन आल्या. मुंग्या मात्र वेळेवर आल्या. घड्याळाच्या पट्ट्यावरून त्या ओळीने बाहीत शिरायला लागल्या. जावई हलेना, कारण आत्या समोर उभी राहून "हलू नका हं, फोटो व्हायचाय" म्हणत होती. शेवटी मुंगी काखेत पोचली तेव्हा त्यांनी मान खाली घातली आणि सर्वांदेखत मिनिटकाटा खाऊन टाकला. फोटोत दहा वाजलेले आहेत.

बोरन्हाणाचं सांगायचं तर पोराला काळं झबलं, हलव्याची बासरी आणि डोक्यावरून बोरं, उसाच्या गंडेऱ्या, चुरमुरे. बासरी पोराच्या तोंडाशी धरल्यावर त्याने ती वाजवावी अशी अपेक्षा कुणी केली असेल तर तो त्याचा दोष.

गुढीचं प्रकरण आमच्या घरात नाजूक आहे. बायकोने लग्नातली पैठणी वर्षानुवर्षं डाग पडेल म्हणून नेसली नाही. पाडव्याला तीच पैठणी बांबूच्या टोकाला, पालथ्या गडूखाली, कडुलिंबाच्या डहाळ्याशेजारी, चौथ्या मजल्याच्या खिडकीतून बाहेर फडफडत असते. वर साखरेची गाठी, तीही उन्हात पाघळणारी. मी तिला म्हटलं, अगं, तूच नेस की. म्हणाली, "मला कुठे जायचंय?" आता बाजारात गुढीसाठी निऱ्या घालून शिवलेली तयार छोटी पैठणी मिळते. आत्याने ती हातात घेऊन उलटी केली, शिलाई पाहिली आणि काही न बोलता परत ठेवली. गल्ल्यावरचा माणूस उगीचच ओशाळला.

आणि मग शाळेतली वेशभूषा स्पर्धा. या स्पर्धांत चार शिवाजी महाराज, तीन झाशीच्या राण्या, एक टिळक आणि एक ट्रॅफिक सिग्नल असतोच. त्यांचे कपडे ड्रेपरीवाल्याकडे भाड्याने मिळतात, आणि भाड्याचे कपडे हा शब्दप्रयोग आत्यापुढे करायचा नसतो. तिची आई, म्हणजे माझी आजी, तिला बालगंधर्वांच्या गोष्टी सांगायची. १९०५ साली किर्लोस्कर नाटक मंडळीत आलेला हा पुरुष रंगभूमीवर शालू नेसून उभा राहायचा आणि घरंदाज बायका घरी जाऊन त्याच्यासारखं नेसायचा प्रयत्न करायच्या. त्या कपडेपटाचा बाणा आत्याने माझ्या पोराच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला लावला. विषय होता ऋतू. बाकीच्यांनी पाऊस म्हणून छत्री आणि हिवाळा म्हणून माकडटोपी घातली. आत्या म्हणाली, "उन्हाळा म्हणजे लोणचं. हा बरणी होईल."

चिनी मातीची बरणी: खालून पांढरी, वरून तपकिरी. आत्याने फोमची गादी कापली, तिला तारांच्या कड्या घालून पोट आणलं, वर सॅटिन ताणलं. तपकिरी रंग दुकानातला चालला नाही. चहाच्या पाण्यात कापड उकळून तिने बरणीचा रंग काढला. दोन्ही बाजूंना कान. डोक्यावर दादरा, सुतळीने बांधलेला, पुढून डोळ्यांपुरती फट. पोरगा आत उभा राहिला. खरोखरच कुणी त्याला उचलून माळ्यावर ठेवलं असतं.

अडचण एवढीच, की बरणीला बसता येत नाही. स्पर्धा चारला होती, सुरू झाली सहाला. तोवर पोरगा विंगेत भिंतीला टेकवून ठेवला होता. "आजी, बसू?" "बरणी बसते का कधी?" "आजी, शू." यावर मात्र आत्याची कला थोडी अडखळली. खालच्या तळाला तिने गुपचूप हुक ठेवले होते हे तेव्हा कळलं. ती सगळ्याचा विचार करते.

इतक्यात तिच्या लक्षात आलं, की दर वर्षी बक्षीस संदेशाला मिळतं. पृथ्वी वाचवा, पाणी जपा, मुलगी शिकवा. बरणीला संदेश नव्हता. तिने पर्समधून स्केचपेन काढलं आणि पोटावर लिहिलं: 'प्लॅस्टिक टाळा, बरणी वापरा.' पोराला दोन ओळी बोलायच्या होत्या. तो रंगमंचावर गेला, फटीतून समोरचा अंधार पाहिला, सगळं विसरला आणि म्हणाला, "मी बरणी आहे. मला उकडतंय." टाळ्यांचा कडकडाट झाला. पाहुण्यांनी भाषणात सांगितलं, की तापमानवाढीवर एवढं थेट भाष्य त्यांनी लहान मुलाच्या तोंडून प्रथमच ऐकलं. पहिलं बक्षीस. आत्या आजही म्हणते, की ते दादऱ्यामुळे मिळालं.

अलीकडे नवरात्रात सगळं शहरच तिच्या पंगतीला येऊन बसतं. नऊ दिवसांचे रंग वर्तमानपत्रांनी घरोघर पोचवले; त्यातले सात वारांवरून ठरतात. सोमवारी पांढरा, गुरुवारी पिवळा, असं करत शनिवारच्या वाट्याला राखाडी आला. राखाडी साडी पूर्वी बोहारणीनेही भांड्याच्या बदल्यात घेतली नसती, आता ती शोधायला तुळशीबागेत रांग लागते. आमच्या कार्यालयात साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे एका रंगात फोटोला उभे राहतात आणि एकजण दर वेळी निळा घालून येऊन 'हा मोरपंखीच आहे' असं पटवत असतो.

या सगळ्यात आत्याला कधी न सापडलेलं सावज म्हणजे आतोबा. पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा, पांढरा सदरा, विषय संपला. लग्नात त्यांनी मुंडावळ्या बांधल्या त्या शेवटच्या. गेल्या कार्तिकात मात्र त्यांचं सहस्रचंद्रदर्शन निघालं. साडेएकोणतीस दिवसांनी एक पौर्णिमा धरली तर हजार चंद्र व्हायला ८० वर्षं आणि वर काही महिने लागतात. एवढे चंद्र उगवून मावळेपर्यंत आत्याने वाट पाहिली होती. तिने चंद्रकळा बाहेर काढली, ती आतेबहिणीवाली, आणि सरळ कात्री घातली. आतेबहीण किंचाळली. आत्या म्हणाली, "त्यावर चांदण्या आहेत, आणि माणूस ८१व्या वर्षात पळून जात नाही."

जाकीट झालं. काळंभोर, पुढे-मागे रुपेरी बुट्ट्या, आतून लाल अस्तर. वर गुलाबी फेटा, तुऱ्याच्या जागी मिठाईच्या पुठ्ठ्याची चंद्रकोर. आतोबांनी आधी नेहमीचं "मला कोण बघतंय" म्हणून घेतलं, मग दोन्ही हात वर करून उभे राहिले. नातवंडांनी ओवाळलं, फोटो झाले, जेवणं झाली. रात्री आत्या जाकीट ट्रंकेत ठेवायला मागायला गेली तर म्हणाले, "राहू दे, गार आहे." दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाल्याला दार त्यांनीच उघडलं, फेट्यासकट. संध्याकाळी बागेत तीन फेऱ्या जास्त मारल्या.

नोव्हेंबर होता. निवृत्तिवेतनवाल्यांनी बँकेत हयातीचा दाखला द्यायचा महिना. मी त्यांना स्कूटरवरून घेऊन गेलो. वाटेत सिग्नलला दोन मुलींनी त्यांच्यासोबत सेल्फी काढला, तो त्यांनी मान किंचित डावीकडे वळवून दिला. काउंटरवरच्या मुलीने संगणकाचा कॅमेरा त्यांच्याकडे फिरवला आणि म्हणाली, "आजोबा, फेटा काढता का? चेहरा नीट दिसला पाहिजे."

आतोबांनी चंद्रकोर सरळ केली. "चेहरा रोजचाच आहे," ते म्हणाले. "तू फेटा नीट घे."