आम्ही तेव्हाच म्हटले होते

मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून सेवानिवृत्त झालेले आमचे तात्यासाहेब हे भविष्यवेत्ते आहेत. मात्र त्यांची सारी भविष्ये घटना घडून गेल्यानंतर, आणि बहुधा दुसऱ्या चहाबरोबर, प्रकट होतात. २५ जून १९८३ रोजी लॉर्ड्सवर भारताचा डाव १८३ धावांत आटोपला तेव्हा ‘संपले सारे’ असा निवाडा देऊन, रेडिओ बंद करून पानावर जाऊन बसलेले हे गृहस्थ, वेस्ट इंडीजचा संघ १४० धावांत गारद झाल्याचे वर्तमान सकाळी कानी पडताच, धावा तुटपुंज्या असल्या म्हणजे प्रतिपक्ष गाफील राहतो हे आपण रात्रीच ताडले होते, असे ओसरीवर जमलेल्या मंडळींस सांगू लागले. आणि नवल हे की, मुद्रेवर असत्याचा लवलेशही नव्हता.

नसावयाचाच, कारण त्यांना ते मनापासून खरे वाटत होते. १९७२ साली अध्यक्ष निक्सन चीन आणि रशियाच्या दौऱ्यांवर निघण्यापूर्वी, त्यातून काय निष्पन्न होईल याचे अंदाज फिशहॉफ आणि बेथ या संशोधकांनी इस्रायलमधील विद्यार्थ्यांकडून लिहून घेतले होते. पुढे तेच अंदाज आठवावयास सांगितले असता, जे घडले ते आपण आधीच अधिक खात्रीने वर्तविले होते, असा पुष्कळांचा प्रामाणिक समज झालेला आढळला. त्या बिचाऱ्यांचे कागद निदान दप्तरी दाखल होते. तात्यासाहेबांचे दप्तर मस्तकात, आणि दप्तरदारही तेच!

शेजारची सोयरीक मोडली तेव्हा, साखरपुड्याच्या पंगतीत नवरदेवाची तोंडभर स्तुती करीत जिलबीचा आग्रह न मोडणाऱ्या तात्यांना, ‘त्या मुलाची नजरच सांगत होती’ हे तत्काळ स्मरले.

अखेर एका नतद्रष्ट पुतण्याने नगरपालिकेच्या निवडणुकीपूर्वी विजयी उमेदवाराचे नाव त्यांच्याच हस्ताक्षरात लिहून घेतले आणि पाकिटावर लाखेची मोहोर केली. निकालानंतर समस्त मंडळींसमक्ष पाकीट फोडले, तो आत अनामत रक्कम जप्त झालेल्या गृहस्थांचे नाव. तात्यासाहेब यत्किंचितही विचलित झाले नाहीत. चष्मा पुसून त्यांनी कागद उजेडात धरला, ‘हे तुझ्या आग्रहाखातर लिहिले, आमचा मूळ अभिप्राय निराळाच होता’ असे म्हणून टाक मागविला, ते नाव खोडून वर विजयी उमेदवाराचे नाव वळणदार अक्षरात लिहिले, आणि कचेरीच्या शिरस्त्यास अनुसरून समासात लघुस्वाक्षरी केली, तारीख मात्र मागील घातली.