विंगरला बोला, पण कशावरून?

फुटबॉलमधला गुणी विंगर चेंडू वारंवार गमावतो आणि एखाद्या वेळी सगळा बचाव फोडून जातो. गमावलेले चेंडू मोजून त्याला नालायक ठरवणारे एका बाजूला, ‘प्रतिभावंत आहे, बोलू नका’ म्हणणारे दुसऱ्या बाजूला. दोघंही चुकतात. टीका व्हायलाच हवी. पण कशावर, ते आधी ठरवा.

उस्मान डेम्बेले घ्या. नेमार गेल्यावर २०१७ मध्ये बार्सिलोनानं साडेदहा कोटी युरो मोजून त्याला आणलं. डॉर्टमुंड सोडायचं म्हणून त्यानं सरावाला दांडी मारली होती, क्लबनं निलंबित केलं. त्यावर जे ऐकून घ्यावं लागलं, ते रास्तच. पुढे मांडीचे स्नायू पुन्हा पुन्हा दुखावले, तरी लोक तुटून पडले. दुखापत हा काय गुन्हा आहे?

मे २०१९. चॅम्पियन्स लीग उपांत्य फेरीच्या पहिल्या सामन्यात लिव्हरपूलविरुद्ध ३-० आघाडी असताना शेवटच्या क्षणी मेस्सीनं आयता दिलेला चेंडू त्यानं गोलरक्षकाच्या हातात दिला. नंतर परतीच्या सामन्यात अ‍ॅनफिल्डवर बार्सिलोना ४-० असं हरलं आणि खापर त्या एका फटक्यावर फुटलं. अ‍ॅनफिल्डवर तर डेम्बेले खेळलाच नव्हता! ते चार गोल मैदानावरच्यांनी खाल्ले.

२०२२ च्या विश्वचषक अंतिम सामन्याची गोष्ट वेगळी. अर्जेंटिनाचा दि मारिया त्याला चकवून आत शिरला, डेम्बेलेनं मागून पाडलं, फ्रान्सविरुद्ध पेनल्टी दिली गेली. मध्यंतराच्या आधीच त्याला बाहेर काढलं. तिथे बोल लावा. माणसावर लक्ष ठेवणं हे त्याचं कामच होतं.

पुढे डेम्बेले पॅरिसकडून खेळू लागला; तिथले प्रशिक्षक लुईस एन्रिकेंना हा फरक नेमका कळला. ऑक्टोबर २०२४ मध्ये आर्सेनलविरुद्धच्या सामन्यासाठी त्यांनी डेम्बेलेला लंडनला नेलंच नाही. कारण फसलेली ड्रिबल नव्हतं; संघाची त्याच्याकडून असलेली अपेक्षा त्यानं पाळली नाही, हे होतं. पॅरिस २-० हरलं, तरी प्रशिक्षक बधले नाहीत. त्याच हंगामात त्यांनी डेम्बेलेला मधोमध खेळवलं. ३५ गोल झाले. मे २०२५ मध्ये म्युनिकला चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात इंटरचा ५-० धुव्वा उडाला, तेव्हा त्याचा गोल एकही नव्हता. दोन गोलांचे पास होते, आणि गोलकीपर सोमरला श्वास घेऊ न देणारी धावपळ होती. एन्रिकेंनी कौतुक केलं ते त्याच्या बचावाचं. सप्टेंबरमध्ये बॅलन डी’ओर त्याच्या हातात आला.

सातत्य मागायचं तर धावण्यात, सरावात, मागे येऊन फुलबॅकला मदत करण्यात मागा. तिथे कसूर दिसली की अजिबात गय करू नका. पण समोरच्याला अंगावर घेताना चेंडू गेला, तर गप्प बसा. त्या धाडसावर हुर्यो उडवली की पोरगं पुढच्या वेळी चेंडू निमूट मागे देतं. तसा विंगर शिव्या खात नाही, सामनाही जिंकून देत नाही.