आखणीकर

प्रत्येक ग्रुपात एक आखणीकर असतो. आडनाव काहीही असो, धर्म आखणीचा. आमच्या सोसायटीतले आखणीकर दुसऱ्या मजल्यावर राहतात, पण वावरतात कायम पुढच्या रविवारात. मंगळवारी जिन्यात भेटले तर "काय, कसं काय?" वगैरे विचारणार नाहीत. "मोजे दोन जोड घेतलेत ना?" हाच त्यांचा नमस्कार.

गेल्या ऑगस्टात कळसूबाईला जायचं ठरलं. ठरलं म्हणजे काय, गच्चीवर भजी खाता खाता कुणीतरी म्हणालं, "एकदा कळसूबाई करायला हवं राव." असली वाक्यं भज्यांबरोबरच पचवायची असतात. पण आखणीकर समोर बसले होते. त्यांनी खिशातलं पेन काढलं, भज्यांखालचा कागद उलटा केला आणि तेलाचा डाग चुकवत पहिली ओळ लिहिली : 'बारी गाव, पायथा.' रात्री अकराला मोबाईल वाजला. 'कळसूबाई १६४६' नावाच्या ग्रुपात मला घेतलं होतं. मला आधी ते इतिहासातलं एखादं साल वाटलं. मग कळलं, ही उंची आहे, मीटरमध्ये.

दुसऱ्या दिवशी चार पानी तक्ता आला. त्यात निघण्या-पोचण्याच्या वेळा होत्याच, शिवाय 'भूक लागणे : ९.४०' अशीही एक ओळ होती. एकाने भीत भीत विचारलं, "आणि आधी लागली तर?" आखणीकर म्हणाले, "तर ९.४० पर्यंत लागू द्यायची नाही."

मग सराव. "बारीपासून माथा सात-आठशे मीटर वर. आपली बिल्डिंग चार मजली, म्हणजे धरा बारा मीटर. बिल्डिंग पासष्ट वेळा चढली की झाली कळसूबाई!" हा हिशेब ऐकून निम्म्यांचा उत्साह जिन्यातच उतरला. तरी आम्ही नऊ जण पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ जिना चढत होतो. माणसांची अशी रीघ पाहून तळमजल्यावरच्या आजींनी पदर डोक्यावर घेत हळूच विचारलं, "कुणाकडं काय झालं हो?"

सामानाची यादी एकेचाळीस कलमांची. कलम १७ : शिट्टी. कलम ३१ : सुतळी, चार मीटर. सुतळीवर मी सर्वांत मोठ्यानं हसलो. "डोंगर बांधून घरी आणायचाय का?" असंही म्हणालो. आखणीकर हसले नाहीत. त्यांनी यादीत कलम ३१ समोर माझं नाव लिहिलं.

निघायच्या दिवशी पहाटे चारला ते बिल्डिंगखाली हुकाचा काटा घेऊन उभे होते. सॅक पाच किलोच्या वर असेल तर प्रवेश नाही. एकेक सॅक लटकत होती. शेवटी त्यांची स्वतःची लटकली. काटा साडेपाचाच्या पुढं गेला. क्षणभर कुणी काही बोललं नाही. गॅलरीतून वहिनींचा आवाज आला, "थालीपिठं मी घातलीत. उघडा डबा आणि चार इथंच खा!" त्या अंधारात, पार्किंगमध्ये उभं राहून, लोण्याशिवाय, आखणीकरांनी चार थालीपिठं संपवली. मध्येमध्ये काटा बघत होते. भूक लागण्याची वेळ ९.४० होती, पण नियम म्हणजे नियम.

पहिली कसारा लोकल, पुढं ठरवलेली जीप, कसारा घाट, इगतपुरी, घोटी, बारी. सगळं तक्त्याबरहुकूम. भाताच्या खाचरांच्या बांधावरून चिखल तुडवत निघालो. आखणीकर सर्वांत मागं. पुढारी पुढं असतो, आखणीकर मागं असतो. त्याला माणसं मोजायची असतात. दर दहा मिनिटांनी "सात, आठ... नववा कोण?" अशी हाक यायची. नववे ते स्वतः असायचे.

तक्त्यात होतं : '११.०५ ते ११.०९ : पहिली शिडी.' बरोबर ११.०५ ला आम्ही शिडीपाशी होतो. फक्त आमच्या आधी दोनेकशे माणसं होती. कळसूबाईचे उभे कडे चढायला लोखंडी शिड्या आहेत, आणि पावसाळ्यातल्या रविवारी त्यांच्या तोंडाशी दादरचा पूल होतो. वरचे उतरू बघतात, खालचे चढू बघतात, मध्ये एक जण सेल्फी काढत असतो. चार मिनिटांची चाळीस झाली. तक्ता कोसळला.

आम्हाला वाटलं, आता आखणीकरही कोसळणार. पण त्यांच्या चेहऱ्यावर लग्नघरात पंगत मोडलेली पाहणाऱ्या आचाऱ्याचं तेज आलं. त्यांनी कलम १७ काढून तोंडात घातलं. फुर्रर्र! "दहा वर, दहा खाली! अहो निळा रेनकोट, तुम्ही अकरावे!" आणि काय सांगू, लोक ऐकू लागले. आपल्याकडे शिट्टी वाजवणाऱ्याला 'तू कोण?' असं कुणी विचारत नाही. आमच्या पाळीचे दहा वर निघाले तेव्हा ते म्हणाले, "व्हा तुम्ही पुढं. एवढं मार्गी लावून मी आलोच." 'आलोच' हे मराठीतलं सर्वांत लांब पल्ल्याचं क्रियापद आहे.

पुढच्या शिडीवर माझ्या उजव्या बुटाच्या सोलनं मगरीसारखा आ वासला. वर जाता येईना, खाली रांग. गुपचूप सॅकमधून कलम ३१ काढलं आणि बुटाला चार वेढे दिले. चार मीटर कशाला, तेही तेव्हा समजलं : डावा बूट दहा मिनिटांनी गेला.

माथ्यावर कळसूबाईचं छोटंसं देऊळ आणि बाकी सगळं ढगात. हात पुढं केला तर बोटं दिसेनात. तक्ता माझ्याकडं होता. मी मोठ्यानं वाचलं : 'माथा. देखावा पाहणे, २० मिनिटं. पश्चिमेस अलंग, मदन, कुलंग.' आम्ही आठ जण आज्ञाधारकपणे पश्चिमेकडं वळलो. पांढरं. 'दक्षिणेस भंडारदऱ्याचं पाणी व रतनगड.' दक्षिणेकडं वळलो. तेही पांढरं. महाराष्ट्रातल्या सर्वांत उंच जागी उभं राहून आम्ही आखणीकरांचं अक्षर बघत होतो. पावसानं शाई फुटून मदन आणि कुलंग एक झाले होते. वीस मिनिटं मात्र पुरी भरली.

उतरताना पाहतो तर आखणीकर त्याच शिडीपाशी, एका दगडावर. घसा बसलेला, शिट्टी गळ्यात, हातात लिंबू सरबत. "अहो, वर नाही आलात?"

"तासाला तीनशे माणूस काढलं!" ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. पाऊण तास बाकी असलेल्या माथ्याकडं त्यांनी मान वळवूनही पाहिलं नाही. शेजारी सरबत विकणाऱ्या मावशी पैसे घेईनात. "दादा, तुमी दर रविवारी येत जा. तुमी थांबवता, मंग लोकं सरबत पितात."

परतीच्या लोकलमध्ये आठही जण माना टाकून पडलो होतो. आखणीकरांनी नवा कागद काढला. "पुढचं साल्हेर. १५६७ मीटर, राज्यातला सर्वांत उंच किल्ला." बराच वेळ पेन चाललं आणि मग थांबलं. आमच्यातला एक जण साल्हेरला जाऊन आलेला. त्याला कोपरानं ढोसून आखणीकरांनी विचारलं, "साल्हेरला शिड्या आहेत का हो?"

"छे. कातळात कोरलेल्या पायऱ्या आहेत."

त्यांचा चेहरा पडला. शिट्टी बोटांत फिरवत ते जरा वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. मग पुन्हा कोपर लागलं.

"पण अरुंद आहेत ना?"