काळ्या दगडाला ठिपके हवेत

लातुरात काळ्या दगडाला कुणी विचारत नाही. नांगर घातला की आधी तो लागतो, मग माती. बांधावर तोच, विहिरीच्या कडेला तोच, भुंकणाऱ्या कुत्र्यावर उगारायलाही तोच. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा पसरून थंड झाला, तेव्हा आमच्या वाट्याला हा बेसाल्ट एवढा आला, की पुढच्या पिढ्यांनी त्याच्याकडं बघणंच सोडून दिलं. अशा मुलखात चौरस फुटाला पैसे मोजून, वर ट्रकभाडं देऊन, परमुलखातून काळा दगड आणणं म्हणजे पैसा जास्त झाल्याचंच लक्षण. आमच्याकडं तो जास्त नव्हता. पण घर बांधायला काढलं की किचनचा ओटा येतो आणि ओटा आला की ग्रॅनाइट येतोच.

दगडाच्या विषयात माझी बायको लातूरकरांचं ऐकून घेत नाही. तिचं माहेर नांदेडचं. देगलूर-बिलोलीच्या बाजूला लाव्ह्याचं पांघरूण संपतं आणि खालचा पुरातन ग्रॅनाइट उघड्यावर येतो. त्याचं वय अडीचशे कोटी वर्षांच्या घरातलं. म्हणजे माहेरचा दगड सासरच्या दगडापेक्षा पस्तीस-चाळीस पटींनी जुना. ही माहिती तिला मीच दिली आणि तेव्हापासून आमच्या घरी जुनं घराणं कुणाचं, हा वाद मिटला.

तरी मी एकदा प्रयत्न केला. किल्लारीच्या भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी तिथं खोल भोक पाडून बघितलं. सुमारे ३३८ मीटर बेसाल्ट संपल्यावर, मधला थोडा गाळ ओलांडून, खाली तोच प्राचीन खडक लागला. मी म्हणालो, "म्हणजे आमच्याकडंही आहे. फक्त जरा खाली आहे."

"मग काढा की," ती म्हणाली.

आमच्या जुन्या घरात फरशी शहाबादी आणि ओटा कडप्प्याचा. अर्ध्या मराठवाड्याचा संसार या दोन गावांच्या दगडांवर झाला. दोन्ही चुनखडीच्या जातीचे, त्यामुळं लिंबू आणि चिंच यांच्याशी त्यांचं जन्माचं वाकडं. आईच्या ओट्यावर चिंच कोळायची जागा कोणती, हे पाहुण्यालाही सांगावं लागायचं नाही; तिथला काळा रंग उडून करडा झालेला. ग्रॅनाइटला लिंबाचं काही वाटत नाही, गरम कढई टेकवली तरी तो दाद देत नाही. ही झाली शास्त्रीय कारणं. खरं कारण असं की शेजारी ग्रॅनाइट होता.

आईचा मात्र दगडालाच विरोध होता. त्याला कारण होतं आणि त्यावर घरात कुणी विनोद करत नाही. किल्लारीच्या त्या भूकंपात, ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, गणपतीचं विसर्जन आटोपून माणसं झोपलेली असताना, दगडमातीच्या दोन-दोन, तीन-तीन फुटी भिंती आणि वरची मातीची माळवदं अंगावर आली. हजारो माणसं गेली. ज्या भिंतींच्या जाडीवरून घराची ऐपत मोजायचे, त्याच भिंतींनी घात केला. त्यानंतर कितीतरी वर्षं आमच्या भागात माणसं पत्र्याखाली झोपायची, आणि दगडी घर म्हटलं की सोयरीक पुढं सरकत नसे. नव्या घराच्या नकाशावर आईनं एकच सूचना केली होती: दगड नको. मी तिला समजावलं की हा दगड भिंतीत नाही, ओट्यावर. जाडी अठरा एमएम. तिनं दोन दिवस विचार केला आणि निकाल दिला, "आडवा चालंल. उभा नको."

त्यामुळं ओट्यामागच्या भिंतीला काळा ग्रॅनाइट चढवून किचन 'लक्झरी' करण्याचा मेहुण्याचा बेत तिथंच बारगळला. मेहुणा नांदेडहून खास ग्रॅनाइटसाठी आला होता. लहानपणापासून सचखंड गुरुद्वाऱ्याचा संगमरवर पाहिल्यामुळं दगड पारखण्याचा अधिकार आपल्याकडं जन्मतः आलाय, अशी त्याची समजूत आहे.

दुकानात गेल्यावर कळलं की काळ्याला पोटजाती आहेत. जेट ब्लॅक, टेलिफोन ब्लॅक, राजस्थान ब्लॅक आणि सगळ्यांत वर, भिंतीला टेकून एकटाच उभा, ब्लॅक गॅलॅक्सी. काळ्याभोर अंगावर सोनेरी ठिपके. हा आंध्रातल्या ओंगोलजवळच्या चिमाकुर्तीचा माल. ठिपके ब्रॉन्झाइट नावाच्या खनिजाचे. भूगर्भवाले याला ग्रॅनाइट मानतच नाहीत, गॅब्रोच्या कुळात घालतात. म्हणजे हा आमच्या बेसाल्टचाच भाऊबंद, जमिनीच्या पोटात सावकाश थंड झाल्यामुळं अंगानं भरलेला. दुकानदाराला मी हे सांगितलं. तो म्हणाला, "सर, जात कशाला बघता? चमक बघा." आणि पाण्याची बाटली उघडून त्यानं अख्खी स्लॅबवर ओतली. धूळ गेली, आकाशगंगा उगवली. माझी नजर मात्र खाली वाहणाऱ्या पाण्यावर. २०१६च्या दुष्काळात मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यालेला माणूस मी. दगडाचा रंग बघायला एक लिटर गेलेलं मला बघवेना.

मेहुण्याला जेट ब्लॅकच हवा होता. "दाजी, एकदम आरसा. हॉटेलच्या रिसेप्शनला असतो तसा." मग त्यानं खिशातून पांढरा रुमाल काढून थिनरमध्ये बुडवला आणि स्लॅब घासायला घेतली. करड्या दगडाला काळा रंग पाजून विकतात, रंग असेल तर रुमालाला लागतो, ही त्याची परीक्षा. रुमाल पांढराच राहिला. दुकानदार दुखावला, मेहुणा त्याहून जास्त.

निकाल लागला तो बायकोच्या एका प्रश्नानं. "ह्याच्यावर ज्वारीचं पीठ सांडलं तर?"

सगळे गप्प झाले. आमच्या घरी दोन्ही वेळा भाकरी. भाकरी थापणारीच्या हातून पीठ परातीबाहेर उडणार, हे काळ्या दगडावरची रेघ आहे. आणि साध्या काळ्या दगडावर पिठाचा कण, बोअरच्या पाण्याचा क्षार, पुसलेल्या फडक्याचा माग, सगळं लांबून वाचता येतं. रिसेप्शनवर कुणी भाकरी थापत नाही म्हणून तिथं तो शोभतो. ठिपक्यांचं तसं नाही. करड्या ठिपक्यांत पीठ मिसळतं, सोनेरी ठिपक्यांत हळद. चिमाकुर्तीच्या खाणीतून जगभर जाणाऱ्या या दगडाचा खरा गुण कुठल्याही जाहिरातीत सांगत नाहीत: पाहुणे दारात आल्यावर ओटा पुसला नाही तरी चालतो.

राहता राहिलं वास्तुशास्त्र. सासऱ्यांच्या ओळखीच्या एका जाणकारांचा फोन आला की स्वयंपाकघरात काळा दगड वर्ज्य. मेहुण्यानं त्यांना ठिपक्यांचं सांगितलं. पलीकडं थोडा विचार झाला. "सोनेरी आहेत ना? मग काळा धरत नाहीत." एवढी लवचीक विद्या दुसरी नसेल.

दर ऐकल्यावर मात्र गॅलॅक्सी फक्त ओट्यापुरती उरली. खिडक्यांच्या खाली साधा ठिपक्यांचा राजस्थान ब्लॅक बसला आणि जिन्याकडं घरच्यांची नजर गेलीच नाही, असं मी समजतो. मिस्त्रीनं सिंकची जागा कापली, कडेला हाफ राउंड मोल्डिंग मारलं, आणि तीन दिवस घरात, ताटात आणि नाकात दगडाचा भुगा होता. वास्तुशांतीला प्रत्येक पाहुण्यानं ओट्यावरून हात फिरवून "काय फूट पडला?" असं विचारलं. बायकोनं सांगितलेला आकडा आणि मी सांगितलेला आकडा यांत फरक होता. तिचा मोठा होता. आठवडाभरानं, चमक टिकावी म्हणून, तिनं अख्ख्या ओट्यावर फुलाफुलांचं मेणकापड अंथरलं.

सिंकच्या जागेचा कापलेला तुकडा उरला होता. मेहुण्याला तो नांदेडच्या घराच्या पाटीसाठी हवा होता. पण तो घ्यायला येईपर्यंत आईनं तो मोरीत नेऊन आडवा बसवला, धुणं धुवायला. पहिल्याच दिवशी साबण लावलेलं लुगडं त्या आरशावरून सटकून बादलीत गेलं. मग दारावरून पाट्याला टाकी लावणारी बाई चालली होती, तिला आईनं हाक मारली.

बाईनं दोन घाव घातले आणि हात झटकला. "मावशे, लई कडक हाय की ह्यो. पाट्याचा दर परवडायचा न्हाई. दुप्पट पडतील."

बायको आतून धावत आली. "अहो, पॉलिशचे पैसे आपण दिलेत त्याच्यावर!"

"घे दुप्पट," आई त्या बाईला म्हणाली, "पर खरबरीत कर. आंध्रातून आलाय त्यो."