चौकाचे मोल
घराचे मूल्यांकन सहसा तुलनापद्धतीने, म्हणजे आसपास विकल्या गेलेल्या तशाच घरांच्या भावांवरून केले जाते. पुण्यातील जुन्या वाड्यापुढे मात्र ही पद्धती हात टेकते, कारण माजघर ओलांडल्याशिवाय स्वयंपाकघर न दाखविणाऱ्या वास्तूला जोड आणायची कुठून? मग चटई क्षेत्राला, अर्थात वापरण्याजोग्या आतल्या क्षेत्राला, शरण जावे लागते. स्थावर संपदा अधिनियम, 2016 मधील व्याख्या बाहेरच्या भिंती वगळते, आतल्या धरते. हाच गज वाड्याला लावला, तर कोनाडे पोटात घेतलेली हातभर जाड मधली भिंत ‘वापरण्याजोगी’ ठरते आणि जिथे पापड वाळतात, मुंजी होतात, तो उघडा चौक हिशेबातून गळतो. एवढा खटाटोप करून भाव बहुधा येतो तो जमिनीला आणि चटईक्षेत्र निर्देशांकाला, म्हणजे वाडा पाडल्यावर तिथे किती बांधता येईल याला.